कोर्टवरच्या दोन रेषा



रविवारी संध्याकाळी कळंबच्या किनाऱ्यावर चक्कर मारली आहे का? सुरूच्या झाडांतून पुढे गेलं की ओल्या वाळूत दोन-चार ठिकाणी खेळ रंगलेला दिसतो. कुठे चपलांचा गोलपोस्ट, कुठे काठीने रेषा मारून आखलेलं कबड्डीचं मैदान. रेषा कोण मारतो? ज्याच्या हातात काठी असते तो. त्याबद्दल फारशी भांडणंही होत नाहीत, कारण भरती आली की सगळं पुसलं जातं. दुसऱ्या दिवशी नवीन मुलं, नवीन काठी आणि नवीन रेषा.

पण सिमेंटच्या कोर्टवर पांढऱ्या रंगाने मारलेली रेषा अशी पुसली जात नाही. ती कोणी मारली, कशासाठी मारली, हे विसरून आपण ती वर्षानुवर्षं पाळत राहतो. आज अशाच दोन रेषा आखणाऱ्या एका बाईंची गोष्ट सांगायची आहे. त्यांचं नाव सेंडा बेरेन्सन. मुलींच्या बास्केटबॉलची जननी म्हणून क्रीडाजगत त्यांना ओळखतं. आपल्याकडे मात्र रोज संध्याकाळी कोर्टवर घाम गाळणाऱ्या मुलींनाही हे नाव माहीत नसतं. मलाही नव्हतं!

सेंडाचा जन्म १९ मार्च १८६८ चा, लिथुआनियातल्या बुत्रिमोनिस नावाच्या छोट्या गावातला. तेव्हा तो भाग रशियाच्या झारच्या ताब्यात होता. घराणं ज्यू, आडनाव वाल्व्रोजेन्स्की (हजेरी घेताना कुठल्याही सरांची तारांबळ उडेल असं). परिस्थिती बेताची. वडील १८७४ मध्ये एकटेच अमेरिकेला गेले आणि पुढच्याच वर्षी बायको-मुलांना त्यांनी बोस्टनला बोलावून घेतलं. तिथे आडनाव सोपं करून बेरेन्सन असं ठेवलं. वडील दारोदार फिरून भांडीकुंडी विकायचे. सेंडापेक्षा तीन वर्षांनी मोठा भाऊ बर्नार्ड अतिशय हुशार. तो हार्वर्डपर्यंत पोहोचला आणि पुढे इटलीतल्या जुन्या चित्रकलेचा जगप्रसिद्ध जाणकार झाला. घरातलं सगळं लक्ष साहजिकच त्याच्याकडे होतं.

सेंडा मात्र लहानपणापासून नाजूक प्रकृतीची. सारखी आजारी. बोस्टनच्या मुलींच्या शाळेत नाव घातलं, पण शिक्षण अर्धवटच राहिलं. तिला पियानोची आवड होती म्हणून संगीत विद्यालयात जाऊ लागली, तर पाठदुखी आड आली. पियानोसमोर ताठ बसून तासन् तास रियाज करायचा म्हणजे पाठीत जोर हवा. तोच नव्हता. वय बावीस, शिक्षण अपुरं, संगीत सुटलेलं, तब्येत तोळामासा. आजच्या भाषेत सांगायचं तर सगळ्याच विषयांत केटी!

आणि इथेच गोष्टीला वळण मिळतं. १८८९ मध्ये बोस्टनमध्ये मेरी हेमेनवे या धनिक बाईंच्या पैशातून व्यायामशिक्षक घडवणारी एक शाळा सुरू झाली होती. संचालिका होत्या एमी मॉरिस होमन्स, कडक शिस्तीच्या बाई. स्वीडनमधल्या पद्धतीचा व्यायाम तिथे शिकवत असत. हातापायांच्या मोजूनमापून हालचाली, श्वासाचा व्यायाम, शरीररचनेचा अभ्यास, असा सगळा शास्त्रशुद्ध मामला. पाठ सुधारावी एवढ्याच आशेने १८९० मध्ये सेंडा तिथे दाखल झाली. व्यायाम तिला अजिबात आवडत नव्हता. सुरुवातीला पाच मिनिटं उभं राहिलं तरी पाठ दुखायची आणि मग उरलेला तास आडवं पडून काढायचा. बाकीच्या मुली कवायत करतायत आणि ही बघत बसलीये! आपल्यापैकी कोणी असतं तर आठवड्यात मेडिकल सर्टिफिकेट देऊन मोकळं झालं असतं.

ती टिकून राहिली. महिने गेले तशी पाठ सावरू लागली. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची वीस. मग शरीर म्हणजे नशिबाने मिळालेलं यंत्र नसून त्याची देखभाल-दुरुस्ती करता येते, हे तिला स्वतःच्या अंगावर पटलं. पुस्तकात वाचून पटलेली गोष्ट आणि स्वतःच्या पाठीवर पटलेली गोष्ट यात फरक असतो. जी मुलगी व्यायामाचा तिरस्कार करत आली, तिने व्यायाम शिकवणं हेच आयुष्याचं काम ठरवलं.

जानेवारी १८९२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्याच नॉर्थअँप्टन गावच्या स्मिथ कॉलेजमध्ये व्यायामशिक्षिकेची जागा रिकामी झाली. स्मिथ हे फक्त मुलींचं कॉलेज, १८७५ मध्ये सुरू झालेलं. सेंडाचा कोर्स अजून पूर्ण व्हायचा होता, तरी तिला तिथे पाठवलं गेलं. तात्पुरती नेमणूक! पण त्या तात्पुरत्या नेमणुकीवर सेंडा मॅडम १९११ पर्यंत राहिल्या. (आता त्यांना मॅडमच म्हटलं पाहिजे. शिक्षिकेला अरे-तुरे करायची आपली पद्धत नाही.)

त्या काळात मुलींना व्यायाम शिकवणं म्हणजे काय होतं, हे जरा समजून घेऊ. १८७३ मध्ये बोस्टनच्याच एडवर्ड क्लार्क नावाच्या डॉक्टरांनी एक पुस्तक लिहिलं होतं. ते हार्वर्डशी संबंधित, त्यामुळे शब्दाला वजन. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मुलींनी मुलांसारखा कसून अभ्यास केला तर अंगातली ताकद मेंदूकडे वळते आणि मातृत्वासाठी लागणारी ताकद कमी पडते. म्हणजे इंजिनिअरिंगच्या भाषेत, ऊर्जा ठरावीक आहे, ती इकडे वापरली की तिकडे तुटवडा. ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण पुरावा फार तुटपुंजा. तरीही हे पुस्तक खूप खपलं आणि मुलींच्या कॉलेजांना पुढची कितीतरी वर्षं त्याला उत्तरं देत बसावं लागलं. अभ्यासानेच जिथे मुली आजारी पडतील अशी भीती, तिथे धावणं, उड्या मारणं, घामाघूम होणं तर विचारूच नका. अंगात घट्ट कॉर्सेट आणि पायघोळ झगे. अशा कपड्यांत धावणार तरी कसं?

आपल्याकडेही हाच काळ. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागा सुरू झाली. १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी त्याच अमेरिकेत, फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या आणि परत आल्यावर १८८७ मध्ये वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी गेल्या. शिकणाऱ्या बाईची तब्येत हा तेव्हा दोन्ही खंडांत वादाचा विषय होता. मुलींना शिकू द्यायला हवं असं म्हणणाऱ्यांनाही त्यांच्या प्रकृतीची चिंता होतीच. सेंडा मॅडमचं काम नेमकं इथे सुरू होतं. शिकणाऱ्या मुली धडधाकट राहू शकतात, हे त्यांना वाद घालून नव्हे तर मुली उभ्या करून दाखवायचं होतं.

अडचण एकच. स्वीडिश व्यायाम शरीराला चांगला, पण भयंकर कंटाळवाणा. मुली येत होत्या, हात वर-खाली करत होत्या आणि जात होत्या. आपल्या पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपसारखं. हजेरीपुरता उत्साह!

आणि अशा वेळी त्यांच्या वाचनात एक लेख आला. नॉर्थअँप्टनपासून तीसेक किलोमीटरवर स्प्रिंगफील्ड गाव आहे. तिथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. कडाक्याच्या थंडीत मुलांना बंदिस्त हॉलमध्ये खेळता येईल असा खेळ त्यांनी डिसेंबर १८९१ मध्ये शोधून काढला. पीच या फळाच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या, फुटबॉलचा चेंडू घेतला आणि तेरा नियम लिहून काढले. वर्गात अठरा मुलं होती, म्हणून एका बाजूला नऊ खेळाडू. तोच बास्केटबॉल. जानेवारी १८९२ मध्ये त्याचे नियम संस्थेच्या मासिकात छापून आले. ते वाचून हा खेळ आपल्या मुलींनाही जमेल, असं या नव्या मॅडमना वाटलं. खेळाचा जन्म होऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. स्वतः नोकरीत नवीन, शिक्षण अपुरं, आणि हात घालायचा तो ज्याचं भवितव्य कोणालाच माहीत नाही अशा खेळाला. हिंमतच म्हणायची!

मुलींना खेळ प्रचंड आवडला. पण पहिल्याच काही खेळांत मॅडमच्या लक्षात एक गोष्ट आली. चेंडू एकीच्या हातात गेला की बाकीच्या तिच्यावर तुटून पडायच्या. हिसकाहिसकी, धक्काबुक्की, पाडापाडी. ज्या मुलींना जन्मभर सांभाळून चाल, हळू बोल एवढंच शिकवलं होतं, त्यांना पहिल्यांदाच मोकळं सोडल्यावर दुसरं काय होणार? दुसरी गोष्ट अशी, की दोन-तीन दांडग्या मुलीच सगळा खेळ खेळायच्या आणि उरलेल्या कोपऱ्यात उभ्या राहायच्या. ज्यांना व्यायामाची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच चेंडू मिळत नव्हता. काही काळापूर्वी मॅडम स्वतः त्याच कोपऱ्यातल्या होत्या, हे आपण विसरायला नको.

मग त्यांनी नियमांत दुरुस्ती केली. कोर्टवर दोन रेषा आडव्या मारल्या आणि मैदानाचे तीन भाग केले. पुढच्या भागातल्या मुलींनी पुढेच खेळायचं, मधल्या भागातल्यांनी मध्ये आणि मागच्यांनी मागे. रेषा ओलांडायची नाही. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही की त्यावर हात मारायचा नाही. चेंडू तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ हातात धरून ठेवायचा नाही. तीनपेक्षा जास्त वेळा टप्पा द्यायचा नाही. म्हणजे पास देण्यावाचून गत्यंतरच नाही. एकटीने चेंडू घेऊन पळत सुटायचं बंद आणि प्रत्येक भागातल्या मुलीला चेंडूचा वाटा नक्की!

एक डिझाइन म्हणून याकडे बघा. समस्या दोन होत्या, इजा होण्याची भीती आणि मोजक्या खेळाडूंची मक्तेदारी. त्या दोन्हींवर उपाय निघाला दोन खडूच्या रेषांत आणि तीन-चार वाक्यांच्या नियमांत. नवीन उपकरण नको, नवीन इमारत नको, फार खर्च नको. व्हायवाला असं उत्तर दिलं तर एक्स्टर्नलसुद्धा खूश होतील.

मार्च १८९३ मध्ये स्मिथ कॉलेजात पहिला जाहीर सामना झाला. सामना कोणाचा? फर्स्ट इयर विरुद्ध सेकंड इयर! काळ बदलला तरी कॉलेज हे कॉलेजच. दोन्ही वर्गांच्या मुलींनी आपापल्या रंगांनी जिम सजवलं, गाणी म्हटली, आरडाओरडा केला. पुरुषांना प्रवेश नव्हता, कारण मुली झग्यांऐवजी गुडघ्याखाली बांधलेल्या ढगळ विजारी घालून खेळणार होत्या आणि परपुरुषांनी ते पाहणं तेव्हा शिष्टसंमत नव्हतं. मॅडमनी सुरुवातीचा चेंडू उडवला आणि पहिल्याच झटापटीत फर्स्ट इयरच्या कप्तान मुलीचा खांदा निखळला. एवढा गाजावाजा आणि पहिल्याच मिनिटाला ही आफत!

इथे क्षणभर थांबून विचार करा. सामना तिथेच थांबवला असता तर? मुलींना हा खेळ झेपत नाही, असं म्हणायला लोक टपलेलेच होते. पण कोणीही घाबरलं नाही. त्या मुलीला ऑफिसात नेऊन खांदा जागेवर बसवला, तिच्या जागी दुसरी आली आणि सामना पुढे सुरू झाला. सेकंड इयर ५-४ असं जिंकलं. एका गुणाचा फरक. तो एक गुण फर्स्ट इयरच्या हॉस्टेलात किती दिवस चघळला गेला असेल, हे आपल्यापैकी कोणालाही वेगळं सांगायला नको.

यानंतर हा खेळ वणव्यासारखा पसरला. ४ एप्रिल १८९६ ला पलीकडच्या किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड आणि बर्कली या दोन विद्यापीठांच्या मुलींचा सामना झाला आणि स्टॅनफर्डने तो २-१ असा जिंकला. मुलींच्या दोन कॉलेजांमधला हा पहिला सामना मानतात. पण जो तो आपापले नियम वापरत होता. न्यू ऑर्लीन्सच्या क्लॅरा बेअर या शिक्षिकेने तर १८९५ मध्ये वेगळीच नियमावली छापली होती. एका कॉलेजचा संघ दुसरीकडे गेला की आधी अर्धा तास भांडण, कुठल्या नियमाने खेळायचं याचं. म्हणून १८९९ मध्ये स्प्रिंगफील्डला व्यायामशिक्षकांच्या परिषदेत समिती नेमली गेली आणि सेंडा मॅडमचे नियम पायाभूत धरून एकच नियमावली ठरली. ती १९०१ मध्ये स्पाल्डिंग कंपनीने पुस्तकरूपाने छापली. संपादन मॅडमचं. पुढची पंधरा-सोळा वर्षं हे संपादन त्यांच्याकडेच होतं आणि १९०५ पासून १९१७ पर्यंत नियम समितीचं अध्यक्षपदही.

त्या पुस्तकात खेळाच्या महत्त्वावर त्यांनी लेख लिहिला आहे. त्यातला एक मुद्दा मला फार पुढचा वाटला. बायकांना नोकरीत पुरुषांपेक्षा कमी पगार देताना मालक एक कारण पुढे करतात, की बायका वारंवार आजारी पडतात, त्यांच्यात दम नसतो. आता बायकांना नवीन नवीन क्षेत्रं खुली होत असताना हे कारणच उरू नये, म्हणून त्यांनी शरीर कमवायला हवं, असं त्यांचं मत. म्हणजे त्यांच्या डोळ्यासमोर फक्त खेळ नव्हता, त्या मुलींचं पुढचं आयुष्य होतं. हा विचार १९०१ सालचा! प्लेसमेंटच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलींनी लक्षात ठेवण्यासारखा.

बास्केटबॉल हा त्यांच्या कामाचा एक भाग. त्याखेरीज अशक्त मुलींसाठी वेगळा, एकेकीच्या प्रकृतीप्रमाणे व्यायाम त्यांनी सुरू केला. १८९७ मध्ये स्टॉकहोमला जाऊन स्वीडिश पद्धतीचा मुळातून अभ्यास केला. तलवारबाजी आणली, लोकनृत्यं आणली. इंग्लंडहून आलेल्या कॉन्स्टन्स ॲपलबी यांच्या मदतीने मुलींची हॉकी सुरू केली.

आता थोडी दुसरी बाजू. चरित्र लिहायचं म्हणजे आरती ओवाळायची असं नाही. सेंडा मॅडमचा आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना विरोध होता. स्मिथमध्ये वर्गावर्गांत सामने होत, पण बाहेरच्या कॉलेजशी नाही. पुरुषांच्या खेळात जिंकण्याच्या हव्यासापायी जी दांडगाई आणि पैशाचा शिरकाव झाला होता, तो मुलींच्या खेळात नको, हे त्यांचं कारण. कारण प्रामाणिक होतं. पण स्टॅनफर्डच्या मुलींना जी मजा मिळाली, ती स्मिथच्या मुलींना मिळाली नाही, हेही खरं. घरच्या मैदानावर कितीही जिंकलं तरी बाहेर जाऊन खेळण्यात जी छाती धडधडते, ती झोनलला गेलेल्या आपल्या खेळाडूंना विचारा.

१९११ मध्ये त्यांनी स्मिथमधलेच इंग्रजीचे प्राध्यापक हर्बर्ट व्हॉन ॲबट यांच्याशी लग्न केलं आणि कॉलेजची नोकरी सोडली. वय त्रेचाळीस. त्यानंतर दहा वर्षं, १९२१ पर्यंत, नॉर्थअँप्टनच्याच एका मुलींच्या शाळेत त्यांनी व्यायाम शिकवला. १९२९ मध्ये पती वारले. १९३४ मध्ये त्या कॅलिफोर्नियात सांता बार्बराला बहिणीकडे राहायला गेल्या आणि १६ फेब्रुवारी १९५४ ला तिथेच त्यांचं निधन झालं. पाच मिनिटं उभी राहू न शकणारी मुलगी पंच्याऐंशी वर्षं जगली. व्यायामाच्या बाजूने यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

पण त्यांनी मारलेल्या रेषा? खरी गोष्ट इथून पुढे आहे.

दोन रेषांची १९३८ मध्ये एक रेषा झाली. तिनाऐवजी दोन भाग, आणि एका संघात सहा जणी. तिघींनी फक्त गोल करायचे, तिघींनी फक्त अडवायचे. मधली रेषा कायम. १९६२ मध्ये काही खेळाडूंना रेषा ओलांडायची मुभा मिळाली. १९६६ मध्ये हवे तितके टप्पे द्यायची परवानगी मिळाली. आणि अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींना पाच जणींनी पूर्ण कोर्टवर खेळायचा नियम मिळाला तो थेट १९७१ मध्ये. सेंडा मॅडमना जाऊन सतरा वर्षं झाली होती. आयोवा राज्यातल्या शाळांत तर सहा जणींचा खेळ १९९३ पर्यंत चालला आणि ओक्लाहोमात १९९५ पर्यंत. म्हणजे १८९२ च्या आसपास मारलेली रेषा १९९५ मध्ये पूर्ण पुसली गेली. इंटरनेट आलं होतं, मोबाइल आला होता आणि कुठेतरी एक मुलगी रेषेपाशी थांबून चेंडू पलीकडे जाताना बघत होती, कारण तिच्या पणजीच्या काळात मुलींना पूर्ण कोर्ट झेपणार नाही असं ठरलं होतं.

हे फक्त बास्केटबॉलचं नाही. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. शर्यतीनंतर काही जणी थकून खाली बसल्या, वर्तमानपत्रांनी त्याचं तिखटमीठ लावून वर्णन केलं आणि ती शर्यत बायकांसाठी बंद झाली. पुन्हा सुरू झाली १९६० मध्ये, रोमला. बत्तीस वर्षं! पुरुष धावपटू थकून खाली बसले तर त्याला जिद्द म्हणतात.

मग सेंडा मॅडम चुकल्या का? मला तसं वाटत नाही. आपण पूल बांधतो तेव्हा सामग्रीची नेमकी ताकद माहीत नसेल तर फॅक्टर ऑफ सेफ्टी जास्त धरतो. १८९२ मध्ये मुलींच्या खेळाबद्दल कोणाकडेच डेटा नव्हता. उलट एखादी जरी मुलगी गंभीर जखमी झाली असती तर सगळा खेळच बंद पडण्याची शक्यता होती. अशा वेळी रेषा मारून का होईना, त्यांनी मुलींना कोर्टवर उतरवलं. त्या काळी ती रेषा भिंत नव्हती, दरवाजा होता. त्या दरवाजातून हजारो मुली आत आल्या, घामाघूम झाल्या, हरल्या, जिंकल्या. डेटा तयार झाला. चूक झाली ती त्यानंतर. डेटा हातात आल्यावर फॅक्टर पुन्हा काढायचा असतो, ते पुढच्यांनी कित्येक दशकं केलं नाही. पहिल्याने अंदाजाने धरलेला आकडा पुढच्यांनी वेदवाक्य मानला. आपल्याकडे सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेल्या रीडिंगचं होतं तसंच!

गंमत म्हणजे त्या रेषा एका ठिकाणी अजून जिवंत आहेत. आपल्या शाळांतून मुली नेटबॉल खेळतात ना? कोर्टचे तीन भाग, चेंडू तीन सेकंदांत पुढे द्यायचा, टप्पे देत पळायचं नाही. अमेरिकेतला बायकांचा बास्केटबॉल इंग्लंडला गेला आणि तिथे त्याचा नेटबॉल झाला. म्हणजे तोच नियम एका खेळात अडथळा ठरला आणि दुसऱ्या खेळाचा प्राण झाला. नियम वाईट किंवा चांगला असं नसतं, तो कशासाठी आहे हे माहीत असलं पाहिजे.

रेषा पुसल्यावर काय झालं, तेही सांगतो. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये बायकांचा बास्केटबॉल आला. (पुरुषांचा १९३६ मध्येच आला होता.) १९८५ मध्ये स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये सेंडा बेरेन्सन यांचं नाव समाविष्ट झालं. मार्गारेट वेड आणि बर्था टीग या दोन प्रशिक्षिकांबरोबर, तिथे स्थान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्रिया. आणि ज्या स्मिथ कॉलेजने एके काळी बाहेरच्या कॉलेजशी सामना खेळायला नकार दिला होता, त्याच कॉलेजच्या मुली २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत, तिसऱ्या विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या. सामना हरल्या, पण पूर्ण कोर्टवर पळून हरल्या. मॅडम असत्या तर रागावल्या असत्या की टाळ्या वाजवल्या असत्या? माझं मत टाळ्यांच्या बाजूने आहे. ज्यांनी आयुष्यभर मुलींच्या पायात बळ आणलं, त्यांना मुली रेषेपलीकडे गेलेल्या बघून वाईट कसं वाटेल?

आता आपल्या कोर्टकडे येऊ. कुठल्याही कॅम्पसवर न दिसणाऱ्या काही रेषा असतात. मुलींनी कोर्टवर किती वाजेपर्यंत थांबायचं, वर्कशॉपमध्ये जड काम कोणी करायचं आणि जर्नल कोणी लिहायचं, रोबो कोणी बांधायचा आणि स्टेज कोणी सजवायचं. यातली प्रत्येक रेषा कधीतरी कोणीतरी काळजीपोटीच मारलेली असेल. मारणाऱ्यावर राग धरायचं कारण नाही. पण आपण दरवर्षी लॅबमधली उपकरणं कॅलिब्रेट करतो, तशी एकदा या रेषांचीही तपासणी करायला काय हरकत आहे? जिथे अजून काळजीचं कारण आहे तिथे रेषा राहू दे, आणि पुरेसा उजेड, सोबत, सोय अशी व्यवस्था करून तिची गरजच संपवता येत असेल तर ती सोय करू या. हे काम वॉर्डनबाईंचं आहे तसं आपलंही आहे, मुलींचं आहे तसं मुलांचंही.

आणि हो, पुढच्या वेळी कोर्टवर एखादी फर्स्ट इयरची मुलगी कोपऱ्यात नुसतीच उभी दिसली, पाठ दुखते म्हणून किंवा लाजते म्हणून, तर तिला एक पास द्या. आज ती पाच मिनिटं खेळेल. उद्याचं कोणी सांगावं!